आयर्विनची पूरपट्टी: लाल लावला की निळा विझत होता, त्याचा छडा

पूरपट्टीचं काम आठवडाभर एका जागी अडलं होतं, ते काल रात्री सुटलं. बाहेरगावच्यांसाठी सांगतो: सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या पुढे गेलं. तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या घरी सकाळी चहाआधी "आयर्विनला किती?" हे विचारलं जातं. तीच पातळी दाखवणारं मॉडेल भाचीबरोबर करतोय. निळा एलईडी म्हणजे नदी पात्रात, पिवळा इशारा, लाल धोका. आधी टिंकरकॅडमध्ये (संगणकावर सर्किट जोडून बघायचा सिम्युलेटर), मग खरे पार्ट.

सर्किट साधंच. ५ व्होल्ट, प्रत्येक एलईडीला एक स्लाइड स्विच, आणि तिघांत मिळून २२० ओहमचा एकच रेझिस्टर (करंट आवरणारा भाग). निळा एकटा छान लागायचा.

"मामा, लाल लावला की निळा मरतोय बघ."

मी वायरी तपासत बसलो. निळा उलटा करून पाहिला, ब्रेडबोर्डवर (पार्ट खोचायची भोकांची पाटी) दुसऱ्या ओळीत हलवला, अर्धा तास त्यात गेला. खरं तर जो एकटा असताना लागतो, त्याचे पाय उलटे असूच शकत नाहीत. पिवळा आणि लाल मात्र एकत्र लागत होते, त्यामुळे संशय निळ्यावरच राहिला.

शेवटी मल्टिमीटर व्होल्टेजवर ठेवून निळ्याच्या दोन पायांवर लावला. एकटा असताना आकडा तीनच्या आसपास. भाचीने लालचा स्विच सरकवला आणि आकडा खाली येऊन दोनजवळ थांबला. तिथेच उलगडा झाला. लालला साधारण २ व्होल्ट पुरतात, निळ्याला ३ लागतात. दोघं समांतर जोडले की लाल तिथलं व्होल्टेज दोनवरच अडवून धरतो आणि रेझिस्टरमधून येणारा जवळपास सगळा करंट स्वतःच ओढतो. पिवळ्याचं व्होल्टेज लालच्या जवळचं, म्हणून त्याचं निभावत होतं. खऱ्या ब्रेडबोर्डवरही हेच झालं असतं, सिम्युलेटरची यात काही चूक नाही.

मग प्रत्येकाला वेगळा २२० ओहम दिला. हिशोब असा: लालसाठी ५ वजा २, म्हणजे ३ व्होल्ट, भागिले २२०, साधारण १४ मिलिअँपिअर. निळ्याला ९. दोन्ही एलईडीला साधारण झेपणाऱ्या २० च्या आत.

तरी आता पिवळा लागेना! टिंकरकॅडमध्ये नवा रेझिस्टर ओढून आणला की तो १ किलोओहमचा येतो. मी त्यात २२० टाइप केलं, शेजारचं एकक बदलायचं राहिलं, आणि झाला २२० किलोओहम. हे रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांवरून लगेच कळतं. लाल-लाल-तपकिरी म्हणजे २२० ओहम, लाल-लाल-पिवळा म्हणजे हजारपट. चित्रातही पट्टे बदलतात, तेव्हा एलईडी मंद किंवा बंद दिसला की आधी तिसरा पट्टा बघा. भाचीला तो माझ्याआधी दिसला.

आता तिन्ही एकदम लागतात. स्विच काढून त्या जागी अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि पातळीसाठी पोटेन्शिओमीटर (फिरवायची खुंटी) बसवायचाय. खुंटी फिरवली की अर्डुइनो ० ते १०२३ मधला आकडा वाचतो; त्यांतून ४० आणि ४५ फूट कुठे धरायचे, ते भाची वहीत मांडतेय.