आमची वाटचाल : ड्रमवर पूर्ण नाव लिहिणारे आम्ही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचा सॉल्व्हंटचा, म्हणजे कारखान्यांना लागणाऱ्या अल्कोहोलसारख्या पातळ द्रवांचा, धंदा 1998 पासून आहे. सुरुवातीला एक भाड्याचा शेड, हातपंप, काटा आणि मी नि माझे पार्टनर, एवढंच. पार्टनर बीएस्सी केमिस्ट्री, आधी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबला होते, त्यामुळे अल्कोहोल म्हटलं की माणूस आमच्यापेक्षा चार पावलं पुढे. त्यांनीच पहिल्या दिवसापासून शिस्त लावली की ड्रमवर पूर्ण नाव आणि कॅस नंबर (प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख नंबर) असल्याशिवाय माल शेडच्या बाहेर जाणार नाही. बाकीचे दुकानदार तेव्हा हसायचे.

कारण आपल्याकडे नावांचा सगळा गोंधळ आहे. फाउंड्रीवाला, म्हणजे धातू ओतणारा कारखानदार, म्हणतो आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), फर्निचरचं चपडा पॉलिश करणारा म्हणतो स्पिरिट, लॅबवाले म्हणतात प्रोपेनॉल, आणि प्रत्येकजण फक्त "अल्कोहोल" म्हणाला तरी आपल्याला कळेल असं धरून चालतो. आता प्रोपेनॉल दोन आहेत. ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, शेवटच्या कार्बनला असला तर प्रोपॅन-1-ऑल, म्हणजे एन-प्रोपेनॉल, ते 97 डिग्रीला उकळतं. मधल्या कार्बनला असला तर प्रोपॅन-2-ऑल, म्हणजे आपलं आयपीए, ते 82 ला. कार्बन तेवढेच, हायड्रोजन तेवढेच, फक्त ओएचची जागा बदलली, आणि वाळण्याचा वेग, वास, भाव सगळं बदललं. म्हणून आमच्या ड्रमवर 67-63-0 हा नंबर असतोच, नावात घोळ झाला तरी नंबरात होत नाही. मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) 67-56-1, इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल) 64-17-5, हे मला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

पुढची बरीच वर्षं धंदा नीट चालला, सांगण्यासारखं वेगळं काही नाही. पार्टनर 2011 ला मुलाकडे पुण्याला गेले, हिशोब प्रेमाने मिटला, जाताना त्यांनी स्वतःचा जुना ॲबे रिफ्रॅक्टोमीटर (द्रवातून जाताना प्रकाश किती वाकतो ते मोजणारं यंत्र) माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले हा विकू नका. त्या यंत्राबद्दल थोडं सांगतोच, कारण पुढे त्यानेच आम्हाला वाचवलं.

आमच्या लाइनमध्ये बहुतेक लोक हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची तरंगती नळी, टाकतात, तरंगला बरोबर की माल ओके. पण बघा, 20 डिग्रीला आयपीएची घनता 0.786, इथेनॉलची 0.789, मिथेनॉलची 0.792. यात हायड्रोमीटर काय कप्पाळ सांगणार? त्यावर पाणी कळतं, मिथेनॉलची भेसळ कळत नाही. रिफ्रॅक्टोमीटरला मात्र आयपीए 1.377 दाखवतं आणि मिथेनॉल 1.329, म्हणजे चांगलं अंतर आहे. प्रिझमवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, एका डोळ्याने आत बघत नॉब फिरवायचा, अर्धं गोल काळं अर्धं उजळ दिसतं, ती रेघ बरोबर क्रॉसवर आणायची आणि आकडा वाचायचा. खोलीचं टेंपरेचर लिहून ठेवायचं, कारण एक डिग्री वाढली की साधारण 0.0004 ने आकडा खाली येतो. दोन्ही यंत्रं एकत्र वापरली तर पाणी आहे की मिथेनॉल हे तिथल्या तिथे कळतं, कारण आकडा दोघांनीही खाली येतो पण घनता फक्त पाण्याने नीट वर जाते.

आता 2018 चं सांगतो. आमच्या भागात एक नवीन सप्लायर आला, नाव घेत नाही, घेण्याची त्याची लायकी पण नाही. आयपीए म्हणून जो माल द्यायचा त्याचा भाव आमच्या खरेदीच्याही खाली. त्याच्या ड्रमवर फक्त "आय पी सॉल्व्हंट" लिहिलेलं, ना नंबर ना रिपोर्ट. मी एक सँपल मिळवून उकळून बघितलं, आयपीए असतं तर थर्मामीटर 82 वर जाऊन थांबला असता, हा सत्तर-बहात्तरलाच उकळायला लागला. रिफ्रॅक्टोमीटरवर 1.358. म्हणजे सरळ चाळीस टक्क्यांच्या आसपास मिथेनॉल. मी चार गिऱ्हाइकांना जाऊन सांगितलं, तर उत्तर काय, "तुमचा भाव जास्त म्हणून तुम्ही बोलणारच." दोन मोठ्या फाउंड्र्या तेव्हाच गेल्या.

फाउंड्रीत आयपीए कशाला लागतं हे इथल्यांना सांगायला नको. मोल्डवर, म्हणजे धातू ओतायच्या साच्यावर, झिरकॉन किंवा ग्रॅफाइटचं कोटिंग मारायचं, ते आयपीएत पातळ केलेलं असतं, मारलं की लगेच पेटवायचं, पिवळी ज्योत मोल्डवरून सरकत जाते आणि मागे कोटिंग कोरडं होतं. मिथेनॉलची उष्णता किलोमागे आयपीएच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे वरून वाळल्यासारखं दिसतं आणि आत ओल राहते, मग मेटल ओतलं की गॅस, ब्लो होल (गॅसने पडलेली भोकं), रिजेक्शन. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसतच नाही.

ऐन एप्रिलमध्ये एका फाउंड्रीत हेच झालं. दुपारी शटरमधून ऊन थेट मोल्डवर, एका पोराने पेटवलेलं, दुसऱ्याला वाटलं अजून पेटवायचंय, त्याने ब्रश घेऊन हात घातला. बोटांपासून मनगटापर्यंत भाजला. आणि तो ड्रम, बाबांनो, आमच्या स्टिकरचा. रिकामे ड्रम भंगारात जातात आणि तिथून कोण उचलतं ते सांगायला नको. आमच्याच ड्रममध्ये त्या नवीन सप्लायरचा माल भरलेला. त्या फाउंड्रीने आमची सगळी बिलं अडवली, बाकीच्यांनी ऐकून अडवली, सीसी लिमिट (बँकेच्या चालू कर्जाची मर्यादा) पूर्ण भरलेलं, बँकेचे रोज फोन, आणि कंपन्यांना मालाचे पैसे आगाऊ द्यायचे. टेम्पो विकला. घरात बायकोला सांगितलं की दिवाळीपर्यंत शेड बंद करावा लागेल.

तेव्हा उभे राहिले ते फक्त अण्णा. अण्णांची शिरोलीतच छोटी फाउंड्री, पंपाची बॉडी नि इम्पेलर ओतायचे, पहिल्या वर्षीपासूनचं गिऱ्हाईक, 160 किलोचा ड्रम घ्यायचे आणि दर ड्रममधून एक बाटली काढून तारीख घालून कपाटात ठेवायचे, ही सवय पण पार्टनरनीच लावलेली. अण्णांनी फोन केला, म्हणाले, "यंत्र घेऊन ये, मी त्यांना बोलावतो." त्यांच्या ऑफिसात त्या फाउंड्रीचे मालक, त्यांचा क्वालिटीवाला, आणि टेबलावर दोन बाटल्या. एक अण्णांच्या कपाटातली, आमच्याच त्या बॅचची, दुसरी त्या ड्रममधली. क्वालिटीवाल्याला स्वतः डोळा लावायला लावला. पहिली 1.376, खोली थोडी गरम होती त्या हिशोबाने बरोबर. दुसरी 1.356. मग ड्रमच्या बंगवर (तोंडाच्या बुचावर) आमचं सील नाही हे त्यांनीच बघितलं. मालक काही बोलले नाहीत, चहा अर्धा ठेवून उठले.

गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. त्या दिवसापासून आम्ही नंबरचं सील लावतो आणि रिकामा ड्रम परत आणला तर पैसे देतो, परत आला नाही तर पुढच्या बिलात लावतो. लोक कुरकुर करतात, करू देत.

2020 ला परत परीक्षा. मार्चमध्ये फाउंड्र्या बंद आणि आयपीएला सोन्याचा भाव, कारण सॅनिटायझर. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात इथेनॉल 80 टक्के नाहीतर आयपीए 75 टक्के, वर थोडं ग्लिसरॉल नि हायड्रोजन पेरॉक्साइड. सरकारने 200 एमएलची बाटली जास्तीत जास्त 100 रुपये करून टाकली आणि मग सगळ्यांना स्वस्त "अल्कोहोल" पाहिजे. तोच सप्लायर तेव्हा सॅनिटायझरवाल्यांना फिरत होता. आमच्याकडेही लोक आले, मिथेनॉल द्या, रंग-वास आम्ही घालतो. मी एकालाही दिलं नाही. मिथेनॉल कातडीतूनही अंगात जातं, पोटात गेलं तर लिव्हर त्याचं फॉर्मल्डिहाइड करतं, मग फॉर्मिक ॲसिड, आणि डोळे जातात. मुंबईत मालवणीला 2015 ला मिथेनॉलच्या दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. 1986 चं जे. जे. हॉस्पिटलचं प्रकरण पार्टनर नेहमी सांगायचे, ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं होतं, 14 रुग्ण गेले, त्याच्या चौकशीला लेंटिन आयोग बसला. ग्लिसरीन नि ग्लायकॉल दोन्ही घट्टसर, गोडसर, बिनरंगाची, बघून कोणाला कळणार आहे?

नवीन पोरं या लाइनमध्ये येतायत त्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. कंपनीच्या रिपोर्टशिवाय ड्रम उतरवून घेऊ नका. मिथेनॉलचं लायसन्स आणि रजिस्टर कोरं ठेवू नका. जुना रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर घ्या, नवीन डिजिटल पण चांगले आहेत. गिऱ्हाइकाने नुसतं अल्कोहोल म्हटलं तर तीनदा विचारा कशाला पाहिजे, हाताला, मोल्डला, पॉलिशला की लॅबला. आणि 90 दिवसांची उधारी देऊ नका. 45 दिवसांत पैसे द्यायचा जो एमएसएमई (लघुउद्योगांचा) कायदा आहे त्याचा फायदा आपल्या ट्रेडर लोकांना नाही, उद्यमचं (सरकारी लघुउद्योग नोंदणीचं) सर्टिफिकेट भिंतीवर लावलं तरी नाही, ही गोष्ट मला फार लागते, कारण आमच्यासारख्यांचा पैसा अडकला की कोणी विचारत नाही.

त्या फाउंड्रीने माल आमचा नव्हता हे तोंडी मान्य केलं, पण अडवलेल्या बिलातली जवळपास निम्मी रक्कम आजही दिलेली नाही. दर मार्चला मी स्टेटमेंट पाठवतो. यंदाही पाठवलंय.