पॅरिसमध्ये भेटलेले बारा बैल

पॅरिसला गेलो होतो ऑफिसच्या कामाने. एकच संध्याकाळ मोकळी मिळाली, आणि ती नेमकी गुरुवारची. ओर्से संग्रहालय गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. सेन नदीच्या काठावरची ही इमारत मुळात १९०० सालचं रेल्वे स्टेशन. आत शिरलं की वर काचेचं उंच छत आणि समोर भलंमोठं सोनेरी घड्याळ. गाडी चुकेल की काय, असं उगाच वाटत राहतं.

मी शोधत होतो फ्रेंच चित्रकार मिलेचं १८५७ सालचं चित्र. कापणी झालेल्या शेतात तीन बाया वाकून सरवा वेचतायत, ते. सापडलं. चांगलं आहे, पण इतक्या ठिकाणी छापलेलं पाहिलंय की ओळखीच्या माणसाला रामराम करून पुढे निघावं तसं झालं. खरा थांबलो ते रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीच्या चित्रापाशी.

‘निव्हेर्नेमधली नांगरट’, १८४९. निव्हेर्ने म्हणजे मध्य फ्रान्समधला, नेव्हेर शहराच्या आसपासचा मुलूख. कॅनव्हास अडीच मीटरांहून लांब. त्यात दोन नांगर आणि एकेका नांगराला सहा बैल. आजोबांच्या तोंडून काळ्या रानातल्या सहाबैली नांगराच्या गोष्टी ऐकलेल्या. तो पाहायला मिळाला असा परमुलखात! बैल पांढरे, मधूनच एखादा तांबूस. नांगरणारी माणसं जवळजवळ बैलांच्या आड गेलेली. पुढच्या बाजूला नुकतीच पलटलेली ढेकळं इतकी जाड रंगवलीत की तासात पाय टाकला तर घोट्यापर्यंत रुतेल. एक बैल मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट आपल्याकडे बघतो. मी जरा जास्तच पुढे वाकलो असणार, कारण पहारेकरी बाई घसा खाकरत जवळ आल्या.

हे चित्र सरकारने तीन हजार फ्रँक देऊन रंगवून घेतलेलं. तेव्हा बोनर सत्तावीस वर्षांची होती. जनावरांचा अभ्यास करायला ती गुरांच्या बाजारात आणि कत्तलखान्यात जायची. तिथे झगा सावरत फिरणं अवघड, म्हणून तिने पँट घालायला रीतसर पोलिसांचा परवाना काढला होता. बाईमाणसाला पँटसाठी परवाना, आणि तोही पॅरिसमध्ये!

चित्रातली नांगरट सुगीनंतरची, शरद ऋतूतली आहे. जमीन उकलून ठेवायची आणि हिवाळाभर तिला हवा खाऊ द्यायची. आपल्याकडे हेच काम आपण उन्हावर सोपवतो.

पण मला सारखं काहीतरी खटकत होतं. बैल ताकदीचे, अंगाने भरलेले, तरी कुठेतरी अपुरे. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, वशिंडच नाही! आणि जू मानेवर नाही, शिंगांमागे ठेवून वाद्यांनी डोक्याशी आवळलेलं. म्हणजे हा बैल खांद्याने नाही, कपाळाने ओढतो.

फोटो काढून गावी अण्णांना पाठवला. आटपाडीकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले असतील, पण अण्णा जागे होते. आमच्या दावणीला खिल्लार जोडी होती, तोवर तिला ट्रॅक्टरवाल्यांच्या नजरेपासूनही जपणारा हा माणूस. दोन मिनिटांत फोन आला.

“कुणी काढलंय?”

“एका बाईनं. पावणेदोनशे वर्षं झाली.”

“बाईला बैल कळतो,” अण्णा म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. फोटो मोठा करून बघत असावेत. “जू डोक्याला बांधलंय व्हय रं?”

“हो.”

“मग बेंदराच्या आदल्या दिवशी ह्यांचं मळायचं काय? कपाळ?”