आमची वाटचाल: साखळी ते स्पेनचे डोंगर

२०१३ ला गोव्यातल्या साखळीत भावाच्या सायकलच्या दुकानामागच्या खोलीत ट्रेकचं काम सुरू केलं, बोर्ड पण नव्हता. काम एकच, रविवारी पोरांना सत्तरी तालुक्यातल्या धबधब्यांवर न्यायचं, माणशी अडीचशे, त्यात चहा-भजी. वाट दाखवायला चोर्ल्याकडचे एक धनगर मामा यायचे, खरं सांगायचं तर अर्धा धंदा त्यांच्याच पायांवर चालायचा.

पण पाऊस जास्त झाला की ट्रेक कॅन्सल आणि आम्ही घरी. मग पावसाळ्यात दुसरीकडे कुठे नेता येईल ते शोधताना उत्तर स्पेनमधलं पिकोस दे एउरोपा सापडलं. समुद्रापासून जेमतेम वीस किलोमीटरवर अडीच हजार मीटरच्या वरचे सुळके, सगळी चुनखडी, आणि मधल्या कुरणांत गाई, मेंढ्या, घोडे. १९१८ पासून तिथे नॅशनल पार्क आहे तरी उन्हाळ्यात लोक गुरं वर चारायला नेतातच.

२०१८ ची पहिली बॅच, नऊ जण. ‘फुएन्ते दे’ इथला रोपवे चार मिनिटांत साडेसातशे मीटर वर नेतो, तिथून चालत ओर्कादोस रोखोसच्या खिंडीकडे. माझ्या डोक्यात सत्तरीच, खाली एवढं हिरवंगार दिसतंय म्हणजे वाटेत ओहोळ असणारच ना, म्हणून सगळ्यांना एकेक लिटरची बाटली. आता चुनखडी वर पाणी धरतच नाही हे मला कुठे माहीत, पाऊस पडला की भेगांतून सरळ डोंगराच्या पोटात, आत दीड हजार मीटर खोल गुहा आणि वर थेंब नाही. खिंडीच्या अलीकडे वेरोनिका म्हणून एक बारकी केबिन आहे, मोडीत काढलेल्या विमानवाहू जहाजाच्या तोफेच्या घुमटाची केलेली. तिथे पोचेपर्यंत बाटल्या रिकाम्या आणि म्हापशाच्या एका काकूंच्या पायात गोळे.

मामा नेहमी सांगायचे, पाणी शोधू नको, दुपारची गुरं कुठे जमतात ते बघ. परतताना आलिवाच्या कुरणाजवळ घंटा ऐकू आल्या, तिकडेच वळलो. लांबट टाकं, पाईपातून करंगळीएवढी धार, गाईंना बाजूला सारून नऊच्या नऊ जण ओणवे होऊन प्यायले. गुराखी हसत उभा. त्याचं स्पॅनिश आम्हाला कळेना, शेवटी मडगावच्या एका अंकलनी शाळेतलं पोर्तुगीज बाहेर काढलं तेव्हा कुठे उतरायची वाट कळली.

तेव्हापासून माणशी तीन लिटर. सकाळी मी स्वतः बाटल्या मोजतो, लोक वैतागतात, वैतागू देत.

बाकी कारेस नदीच्या घळीतली बारा किलोमीटरची वाट सगळ्यांनाच आवडते. काब्रालेस चीजचं मात्र अवघड, डोंगरातल्या गुहांत मुरवतात ते, निळं चीज, वास असा की आमच्या एका मेंबरनी सुक्या बांगड्याची शपथ घेऊन सांगितलं, हा त्याच्यावर मात करतो. मला आवडतं, पावाबरोबर.

२०२० आणि २१ बसूनच गेली, तंबू भाड्याने देऊन कसंबसं निभावलं. त्यात २०२२ ला एका व्हिसा एजंटनी आमचा ॲडव्हान्स गिळला, आता कागदपत्रं बायको बघते. वर्षाला दोन बॅच, जूनची भरते, सप्टेंबरची गणेशचवथीत अडकली तर अर्धे लोक गळतात, म्हणून आधी पंचांग बघून मगच तिकिटं.

यंदा मामांना पण न्यायचं ठरवलंय, पासपोर्टचा फॉर्म भरून झाला, पण जन्मदाखलाच सापडत नाहीये.