हात धुवा दिन काल झाला की!

15 ऑक्टोबरला आमची डबल ड्युटी असते. वाचन प्रेरणा दिन पण त्याच दिवशी आणि जागतिक हात धुवा दिन पण, आणि दोन्हीचे फोटो संध्याकाळच्या आत ग्रुपवर टाकायचे. द्विशिक्षकी शाळा आमची, पहिली ते चौथी मिळून 31 पोरं. त्या दिवशी नवीन साबण काढला, पोरांनी तळवे, पालथे हात, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट सगळं एका सुरात करून दाखवलं, चौथीतल्या एकाने तर जुलाब, जंत, टायफॉइड अशी यादीच घडाघडा म्हटली. फोटो झकास आले, मी पण खुश.

दुसऱ्या दिवशी खिचडीची घंटा झाली आणि सगळी ताटं घेऊन थेट ओळीत! नळाकडे एक पोरगं फिरकलं नाही. म्हटलं अरे हात कोण धुणार? तर तोच यादीवाला म्हणतो, "मॅडम, हात धुवा दिन तर काल झाला की."

मी चिडले आणि लेक्चर सुरू केलं, की फेब्रुवारीत जंताची गोळी चावून खाता आणि तीच माती नखातून परत पोटात घालता वगैरे वगैरे. तेवढ्यात दुसरीतली एक पोरगी हळूच म्हणाली, "पण मॅडम, साबण तुमच्या कपाटात हाय."

होताच. जूनमध्ये दोन साबण कावळ्याने पळवले (शहरातल्यांना खोटं वाटेल, पण कावळा साबण नेतो आणि टोकरून खातो पण), म्हणून मीच कुलपात ठेवला होता आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

मग नळापाशी जाऊन उभी राहिले तर आणखीच कळलं. पहिलीच्या पोरांचा हात तोटीपर्यंत पोचतच नाही, ती बिचारी मोठ्यांच्या हातावरून ओघळलेल्या पाण्यात बोटं बुडवतात. नळ दोन, धार करंगळीएवढी. एकाला 20 सेकंद धरले तरी 31 जणांना पाच मिनिटांच्या वर लागतात, आणि तोवर ओळीत नंबर मागे जातो, भुकेल्या पोराला नंबरच महत्त्वाचा ना! पाच वर्षं इथे नोकरी करतेय, हा हिशोब कधी केलाच नव्हता, सोमवारी नखं तपासून रागवायचं तेवढं जमत होतं.

आता खिचडीच्या दहा मिनिटं आधी वेगळी घंटा देतो, साबण कांद्याच्या जाळीत घालून तोटीलाच बांधलाय आणि खाली एक फरशी टाकलीय छोट्यांना उभं राहायला. घरी काय करतात ते मात्र देवाला माहीत.

कावळा अजून येतो, जाळीला दोन टोचे मारून बघतो. त्याला हाकलायची ड्युटी पहिलीतल्या एकाने स्वतःहून घेतलीय, शेवटपर्यंत नळापाशी खडा पहारा देतो आणि कावळा उडाला की पळत येऊन तसाच जेवायला बसतो, हात न धुता.