पाव

पाव वजनावर विकत नाहीत ते बरं. नाहीतर सांगलीतल्या बेकऱ्यांमध्ये रोज ‘पाव किलो पाव द्या’ ऐकू आलं असतं. एका दुकानात पाव किलो भडंग बांधून घ्यायचं, दुसरीकडे पावाची लादी, आणि येताना वाटेत गणपती मंदिरात थांबून ‘पाव रे बाबा’ म्हणायचं. इतकं करूनही कुणाचा गोंधळ होत नाही. गणपतीकडे कुणी लादी मागतंय असं पुजाऱ्यालासुद्धा वाटत नाही.

यातला देवाचा पाव चटकन उलगडतो. संस्कृत ‘प्राप्’, प्राकृत ‘पावइ’, आपलं पावणे. मूळ अर्थ पोचणे, मिळणे. देव नवसाला पावतो, माणूस मरण पावतो आणि पैसे पावले की पावती फाडतात. सगळं एकाच क्रियापदात.

खायच्या पावाचं प्रकरण जरा चिघळलेलं. आजीच्या स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता. “तुडवून करत्यात त्ये, पायानं. उगंच पाव म्हनत्यात व्हय?” हा तिचा पुरावा. ती एकटीच नव्हे, ही व्युत्पत्ती अजूनही पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. पण हा शब्द पोर्तुगीजांचा. १५१० साली त्यांनी गोवा घेतला, त्यांच्यामागून त्यांची भट्टीही आली. त्यांचा शब्द ‘पांव’ (pão). त्याचा शेवट ते नाकात बोलतात, आपण ते नाकातलं सोडून दिलं. गोव्यात सायकलवरून पाव विकणारा पोदेर त्यांच्याच भाषेतला. पायाचा इथं काही संबंध नाही.

मजा अशी, की ज्या पावात खरोखर पाय आहे तो आजी बिनधास्त वापरायची. पावशेर तेल, पावशेर डाळ! संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. त्यातूनच सपाद म्हणजे सव्वा, आणि पादोन, म्हणजे पाव उणा, तो पाऊण. घड्याळात सव्वापाच वाजले की पाच तासांना एक पाय फुटलेला असतो. चार आण्यांची पावलीही याच घरातली. पंचवीस पैशांचं नाणं २०११ साली चलनातून गेलं आणि तीही गेली. वारकरी खेळतात ती पावली मात्र लोणंद-फलटणच्या रस्त्यावर दर वर्षी दिसते, आणि तिच्यातही पायच.

इंग्रजांचा फूट याच पादाचा लांबचा चुलतभाऊ. सांगलीकराला फूट म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाखाली कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ च्याही वर गेली होती. पेठेत पाणी शिरतं तेव्हा कुणी मीटर विचारत नाही, “किती फूट झालं?” एवढंच विचारतात.

पोर्तुगीज पाव मात्र आणखी लांब फिरला. १५४३ साली पोर्तुगीज जपानला पोचले. तिथं ब्रेडला आजही ‘पान’ म्हणतात. साताऱ्याच्या माणसाला तिथं नाश्त्याला पान घेणार का विचारलं, तर तो आधी चुना-कात शोधेल. या सगळ्यांचा मूळ पुरुष लॅटिन ‘पानिस’, म्हणजे भाकरी. त्याला ‘बरोबर’ या अर्थाचं ‘कोम्’ जोडलं की होतो एका ताटात भाकरी मोडणारा सोबती. त्या सोबत्यांच्या गटावरून आला शब्द ‘कंपनी’. १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा केलं ते ईस्ट इंडिया कंपनीनंच. भाकरी मोडायला बसले आणि ताटासकट उठले.