बारा बावीसची सावली

सोलापूरचं ऊन म्हणलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या गावात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि एक-दोन मिनिटं उभ्या वस्तूची सावलीच गायब होते, हे यंदा मी गच्चीवर बघितलं. शेजारच्या गवंडीकाकांचा ओळंबा आणला, एक मीटरची काठी विटांच्या मधे सरळ उभी केली, बाजूला आईच्या कुरडया वाळत होत्या. बाराला पाच बोटं सावली होती, मग ती काठीकडं सरकत आली आणि 12:22 ला काठीनं तिला गिळलीच, अंगावर काटा आला.

हे डोक्यात घातलं इरॅटोस्थेनिस ह्या प्राचीन ग्रीक विद्वानानं. शाळेत त्याची फक्त चाळणी माहिती होती, 1 ते 100 लिहायचे, 1 खोडायचा, मग 2, 3, 5, 7 ठेवून त्यांच्या पाढ्यातले बाकी सगळे खोडायचे, उरतात 25 मूळ संख्या. पण ह्याच माणसानं इ.स.पू. तिसऱ्या शतकात पृथ्वीचा घेर काढला. इजिप्तच्या दक्षिणेला सायीन, आताचं अस्वान, तिथं सगळ्यात मोठ्या दिवशी दुपारी सावली नाही, आणि त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र पडते, उभ्या काठीशी किरणांचा कोन वर्तुळाचा 50 वा भाग म्हणजे 7.2 अंश. सूर्याची किरणं समांतर, मग व्युत्क्रम कोन सारखे, म्हणून पृथ्वीच्या मध्याशी पण तोच कोन! दोन गावांतलं अंतर 5000 स्टेडिया (तेव्हाचं लांबीचं माप), त्याला 50 नं गुणलं, 2,50,000 स्टेडिया. बास, एवढंच. आठवी-नववीतली भूमिती ओ, आणि त्यात अख्खी पृथ्वी मावली.

आता आमची ताई इंदूरला असते आणि नकाशात इंदूर सोलापूरच्या जवळजवळ सरळ वर आहे, म्हणून त्याच दिवशी तिलापण एक मीटरचीच काठी उभी करायला लावली, फोन चालूच होता. "अगं पडली का?" "पडली की, पावणेनऊ सेंटीमीटर." म्हणजे 5 अंश, वर्तुळाचा 72 वा भाग. सरळ रेषेत अंतर साधारण 560 किलोमीटर, 72 नं गुणलं की 40,320. खरा घेर 40,000 च्या आसपास आहे. मी तो गुणाकार तीनदा केला.

ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य परत डोक्यावर येतो, ढग असतील तरी बघणार, ताईला सांगून ठेवलंय काठी टाकू नकोस.