टोपीवरची जाळी

पावसाळ्यात गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की पंचवटीतल्या आमच्या घरातून सहसा कोणी बाहेर पडत नाही. अशाच एका दुपारी नऊ वर्षांच्या भाचीला शेजारी बसवून मी ‘मेरी पॉपिन्स’ पुन्हा पाहिला. दोन मुलांना सांभाळायला आलेल्या जादूगार दाईचा, १९६४ सालचा हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो दिवाळीच्या सुट्टीत, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. कॅसेट इतकी झिजलेली होती की पडद्याच्या तळाशी सतत पांढरे पट्टे सरकत होते, आणि इंग्रजी संवाद तर जवळजवळ सगळेच डोक्यावरून गेले होते. तरीही फुटपाथवर खडूने काढलेल्या चित्रात चौघे जण हात धरून उडी मारतात आणि थेट रंगवलेल्या कुरणात उतरतात, तो प्रसंग मनात पक्का बसला होता.

बाकीच्या कथेबद्दल फार लिहीत नाही. बँकेत गुंतलेले त्या मुलांचे वडील लहानपणी कंटाळवाणे वाटले होते. या वेळी तेच सर्वांत जिवंत वाटले, हे माझ्या वयाचेच लक्षण असावे.

मला पाहायची होती ती शिवण, म्हणजे जिथे खरी माणसे संपतात आणि चित्र सुरू होते ती रेघ. त्या काळी असे प्रसंग बहुधा निळ्या पडद्यासमोर चित्रित करीत आणि निळ्याच्या जागी नंतर चित्र बसवीत. त्यात केस, धूर, तलम कापड यांच्या कडांवर निळसर झाक उरे आणि निळे कपडे घालण्याचीही पंचाईत होई. इथे मात्र पांढऱ्या पडद्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा उजेड टाकला होता. कॅमेऱ्यातला लोलक तेवढाच पिवळा प्रकाश वेगळा काढून दुसऱ्या, कृष्णधवल फिल्मवर पाठवी, त्यामुळे रंगीत चित्रीकरण चालू असतानाच नटांच्या आकृतीचा नेमका साचा आपोआप तयार होई. नाशिकच्या रस्त्यांवर एलईडी येण्यापूर्वी सोडियमचेच दिवे होते आणि त्यांच्या उजेडात माझी लाल सायकल तपकिरी दिसे. त्याच जातीच्या उजेडाने एवढे नाजूक काम केले असेल, याची तेव्हा कल्पनाही नव्हती. मेरी झालेल्या ज्युली अँड्र्यूजच्या टोपीवरची जाळी मी दोनदा चित्र थांबवून पाहिली. तिच्या धाग्यांमधून मागचे रंगवलेले झाड आरपार दिसते, आणि शिवण कुठेच सापडत नाही. या चित्रपटाच्या पाच ऑस्करपैकी एक दृश्य-परिणामांसाठी होते, ते उगीच नव्हे.

गंमत अशी की मूळ पुस्तकांच्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स यांना हा ॲनिमेशनचा भागच नको होता आणि तो काढून टाकावा असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे म्हणणे मी समजू शकते, पण ते मान्य झाले नाही याचा मला आनंदच आहे.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच ‘आगकाड्यांची मौज’साठी काड्या एकेक चौकट सरकवून नाचवल्या होत्या. त्यामुळे निर्जीव वस्तूला चालवण्याचे वेड नाशिककरांना परके वाटू नये.

चहाच्या टेबलापाशी चार पेंग्विन वेटर येतात तेव्हा मेरीचा मित्र बर्ट झालेला डिक व्हॅन डाइक पँट खाली ओढून आखूड पायांचा होतो आणि त्यांच्यासोबत नाचतो. भाची खळखळून हसली, आणि मग एकदम गंभीर झाली.

“मावशी, शूटिंगच्या वेळी पेंग्विन तिथे होते का?”

“नाही गं. ते नंतर काढले.”

“मग तो इतका नीट त्यांच्याकडेच कसा बघतो?”

मी उत्तर दिले नाही. रिमोट तिच्याच हातात होता. तिने प्रसंग मागे नेला आणि या वेळी आम्ही दोघींनी पेंग्विन सोडून फक्त त्याचे डोळे पाहिले.